खंडेनवमीचे नवे अवजार

(विश्वकर्मा जयंतीनिमित्त कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा शब्दांकित भाग)



भारतीय मजदूर संघ १७ सप्टेंबर, म्हणजे विश्वकर्मा जयंती, हा राष्ट्रीय श्रम दिन मानतो. महाराष्ट्रात अवजारांची पूजा खंडेनवमीला होते. सुताराच्या करवतीबरोबर आता कार्यालयातील संगणकालाही हळदकुंकू लागते. परंतु नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आल्यापासून पत्राचा मसुदा, अहवालाचा सारांश, ग्राहकाच्या शंकेचे उत्तर ही कामे यंत्र करू लागले आणि पूजा करणाऱ्याच्याच मनात शंका उभी राहिली.

हा प्रसंग आपल्याला अगदीच नवा नाही. बँकांच्या यांत्रिकीकरणावरील रंगराजन समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला. मजदूर संघाने तेच वर्ष संगणकीकरणविरोधी वर्ष म्हणून पाळले. त्या विरोधाची आज थट्टा होते. ती अन्यायाची आहे. हाताला काम नसलेल्या देशाला हात रिकामे करणारे तंत्र कितपत परवडेल, हा दत्तोपंत ठेंगडी यांच्या पिढीचा प्रश्न खोटा नव्हता. संगणकाने ग्राहकाची सोय झाली, हे मोकळेपणाने मान्य करावे. पण २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सार्वजनिक बँकांतून सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले, हेही विसरू नये. त्याची कारणे अनेक होती. नव्या कामात आपले काय होणार ही धास्ती त्यांपैकी एक.

ज्या शाखेत व्यवस्थापक स्वतः खुर्ची ओढून पन्नाशीच्या कारकुनाशेजारी बसला, तेथे खातेवहीतला अनुभवी माणूस संगणकावरही रुळला. जेथे केवळ परिपत्रक फिरले, तेथे तोच माणूस मुलाच्या वयाच्या सहकाऱ्याला विचारायला लाजला आणि घरी रात्र जागून काढू लागला. यंत्र दोन्हीकडे एकच होते!

कामाच्या पद्धतीत कामगारकपात होऊ शकेल असा बदल करताना २१ दिवसांची पूर्वसूचना द्यावी, असे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचे कलम ९-अ सांगत असे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती तरतूद आहे. पण सूचना म्हणजे संवाद नव्हे. एकत्र कुटुंबातला कर्ता निर्णय घेण्यापूर्वी घरातल्यांना बोलावतो, निदान बोलवायला हवे. कोणते काम यंत्राकडे जाईल, कोणते माणसाकडे राहील, हे प्रमुखाने स्वतः सांगावे. शिकण्याचा वेळ कार्यालयाच्या वेळेतून द्यावा, रविवारातून नव्हे. शिकताना झालेली चूक वार्षिक गोपनीय अहवालात चढवू नये. यंत्राने धादांत चुकीचे उत्तर आत्मविश्वासाने दिले, तर त्याचे खापर सही करणाऱ्या कनिष्ठावर फुटू नये. ही यंत्रे असे करतात, हे वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आणि वाचलेला तासभर लगेच नव्या उद्दिष्टाने भरला, तर कर्मचाऱ्याच्या पदरी काय पडले?

येथे बसलेल्यांपैकी अनेकजण कोठे ना कोठे विभागप्रमुख आहेत. उद्या सकाळी आपल्या हाताखालच्या सर्वांत ज्येष्ठ माणसाला त्यांनी चहाला बोलवावे आणि यंत्राविषयी काही सांगण्यापूर्वी त्याला काय वाटते, ते ऐकून घ्यावे.