जुने यंत्र आणि सावड



युनियनचा माणूस संगणकावर बोलणार म्हटल्यावर काहींना नवल वाटले असेल. संगणक आणि कामगार चळवळ यांचे वाकडे जुने आहे. १९६०च्या दशकात कलकत्त्याला आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी कचेरीत संगणक येऊ नये म्हणून मोठा लढा दिला. आज काही जण त्या लढ्याला हसतात. पण त्यामागचा प्रश्न अजून जिवंत आहे. यंत्र कोणाच्या हुकमतीत चालावे, हा तो प्रश्न. जुन्या संगणकापुरता तो मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. पुढच्या विंडोज ११ ला किमान ४ जीबी मेमरी, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. ज्या यंत्रात हे नाही, ते चालते असूनही बाद! मंडळी, बैल थकला की नाही हे शेतकरी त्याच्या चालीवरून ठरवतो. येथे बैल उभा आहे, वैरण खातो आहे, आणि तो थकल्याचा दाखला मात्र बाजारातल्या व्यापाऱ्याने दिला आहे.

मग यंत्र मंद का होते? डिस्क म्हणजे घरातली कोठी आणि मेमरी म्हणजे कामाचा ओटा, असे समजा. काम चालते ते ओट्यावर. ओटा लहान आणि पसारा मोठा असला की एक वस्तू कोठीत ठेवायची, दुसरी आणायची, यातच वेळ जातो. यंत्र म्हातारे झालेले नसते. त्याच्या ओट्यावर पसारा वाढलेला असतो. लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या हा पसाराच कमी करतात. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती २ जीबी मेमरीवर चालते, ४ जीबी असल्यास सुखाने चालते. अँटिएक्स त्याहून लहान ओट्यावरही भागवते. जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसवली, तर फरक डोळ्यांना दिसतो.

आता हे फुकट कसे मिळते? यात कोणाचा डाव तर नाही ना? ही शंका रास्त आहे. उत्तर आपल्याच शिवारात सापडते. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात, ही आपली सावड. एखाद्याची नांगरट अडली की गाव बैल घेऊन येते, ती इर्जिक. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी अशा मुक्त प्रणालीचे काम जाहीर केले. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. पुढे हजारो हात लागले. त्यात पगारी हातही आहेत, मोठ्या कंपन्यांचेही आहेत. परंतु परवान्याची अट अशी, की कोणीही वापरावे, उघडून पाहावे, सुधारावे. मात्र सुधारलेले दुसऱ्यास देताना त्याचे मूळ लिखाणही द्यावे. म्हणजे सावडीचे रान कोणा एकाच्या सातबाऱ्यावर चढत नाही.

आमच्या कचेरीत असाच एक जुना संगणक आहे. वर्गणीची नोंद, बांधकाम मजुरांचे अर्ज, मराठी पत्रे, सारे त्यावर होते. लिबरऑफिस आणि मराठी कळफलक त्यात आहेतच. ज्या मजुराला एका कागदासाठी अर्धा दिवस बुडवावा लागतो, त्याला हे यंत्र नवे की जुने याच्याशी काय कर्तव्य?

पण अडचणी लपवणे हे प्रचारकाचे काम, माझे नव्हे. सर्वांत जड असते ते इंटरनेट. चार पाने एकदम उघडली की लहान ओटा भरतो, एकेक उघडावे. अंगठ्याची काही यंत्रे आणि काही छपाईयंत्रे विंडोजच मागतात. जुन्या मराठी फॉन्टांतील फायली तो फॉन्ट बसवल्याखेरीज किंवा युनिकोडमध्ये आणल्याखेरीज वाचता येत नाहीत. अगदी जुन्या ३२ बिटी यंत्रांसाठी डेबियनने २०२५ च्या आपल्या १३ व्या आवृत्तीत इन्स्टॉलर दिलेला नाही. म्हणून आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे, आपल्या फायली दुसरीकडे ठेवाव्यात, मगच यंत्रात बसवावे.

शिवाय टाकलेला संगणक कोठे जातो, हेही पाहा. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत गरीब हात तो फोडतात. तांबे काढताना धूर आणि शिसे त्यांच्या छातीत जाते. आपण एक यंत्र चार वर्षे अधिक चालवले, तर तेवढे ओझे तिकडे उशिरा पोहोचेल.

केरळात शाळांमध्ये संगणक शिकवताना एकाच कंपनीची प्रणाली नको, मुक्त प्रणाली हवी, असा आग्रह शिक्षकांच्या संघटनेने धरला, आणि तेथील सरकारी शाळा त्या वाटेने गेल्या. कलकत्त्यात संघटनेने यंत्र दाराबाहेर रोखले. केरळात संघटनेने यंत्र आत घेतले, पण आपल्या अटीवर. मला दुसरी वाट आजच्या काळाची वाटते.

पाथरीत किती माळ्यांवर, किती कपाटांवर असे संगणक धूळ खात असतील! भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी ते वाचनालयाला द्या, शाळेला द्या, एखाद्या होतकरू मुलाला द्या. ज्याला लिनक्स बसवता येते त्याने एक रविवार द्यावा. दहा जणांनी दहा रविवार दिले, तर ती आपल्या गावची इर्जिकच होईल. बोलावणे आल्यास मी बैल घेऊन नाही, पण पेनड्राइव्ह घेऊन अवश्य येईन.