टूल निवडण्याआधी एक प्रश्न: रात्री कोण उठणार?



मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "डेव्हऑप्सच्या प्रत्येक टप्प्याला कुठलं टूल वापरू? एक यादी दे ना." यादी देतो. पण आधी एक किस्सा सांगतो, कारण नुसत्या यादीच्या भरवशावर मी एकदा चांगलाच तोंडावर आपटलोय.

बीटेक होऊन दोन-अडीच वर्षं झाली होती. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत आम्ही पाच डेव्हलपर. आमचं काम म्हणजे एक वेबसाइट आणि एक डेटाबेस, बस्स. आणि ते आम्ही चालवायचो कुबरनेटिसवर! वर हेल्म, त्याच्यावर आर्गो सीडी. का? तर इंटरव्ह्यूमध्ये हेच विचारतात म्हणून. आमच्यातल्या एका सीनियर दादानं हे सगळं बसवलेलं, आणि खरं सांगतो, छान बसवलेलं.

गणपतीच्या आदल्या दिवशी दादा चिपळूणला निघाला. गाडी घाटात, फोनला रेंज नाही. इकडे संध्याकाळी रिलीज झाला आणि पेमेंटचं पान उघडेना. आमच्या ग्राहक होत्या एक काकू, ऑनलाइन मोदक विकायच्या. म्हणजे वर्षभराच्या धंद्यातली सगळ्यात मोठी संध्याकाळ. फोन मीच उचलला. काकू ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाळा, मोदक वळणाऱ्या बायका हात जोडून बसल्यात रे, ऑर्डरच येत नाहीये."

काम तसं सोपं होतं, आधीचं व्हर्जन परत लावायचं. मी हातानं लावलं. काही सेकंदांत ते पुन्हा नवीन झालं. परत लावलं, परत तेच. घाम फुटला. नंतर कळलं, आर्गो सीडी त्याचं काम इमानदारीत करत होता. गिटमध्ये जे लिहिलंय तेच सर्व्हरवर ठेवायचं, कुणी हातानं बदललं तर पूर्ववत करायचं, असंच ते सेट केलेलं. मी गिटमध्ये एक रिव्हर्ट केला असता तर पाच मिनिटांत सुटलो असतो. मला ते माहीतच नव्हतं. साडेतीन तास गेले. तोवर काकूंच्या बायका घरी गेल्या होत्या.

त्या रात्रीपासून माझा एकच नियम आहे. जे टूल बिघडल्यावर टीममधल्या किमान दोघांना सावरता येतं, तेच आपलं टूल. आता या नियमानं एकेक टप्पा बघू.

प्लॅनिंग. इथे फार वेळ घालवू नका. जिरा चालेल, गिटहबचे इश्यूज चालतील. छोट्या टीमला साधा बोर्ड पुरतो. कोण काय करतंय हे सगळ्यांना दिसलं पाहिजे, एवढंच.

कोड. इथे वाद नाही, गिट. लिनस टोर्व्हाल्ड्सनं २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी ते लिहिलं आणि आज जवळपास सगळे तेच वापरतात. निवडायचं असतं ते कोड कुठे ठेवायचा हे: गिटहब, गिटलॅब की स्वतःच्या सर्व्हरवर. हा निर्णय नीट घ्या, कारण पुढची पाइपलाइन बहुतेक वेळा इथूनच ठरते.

बिल्ड आणि टेस्ट. कोड गिटहबवर असेल तर गिटहब ॲक्शन्स, गिटलॅबवर असेल तर गिटलॅब सीआय. सुरुवातीला याच्या पलीकडे बघायची गरज नाही. मग जेनकिन्स? ते जुनं आणि दणकट आहे, २०११ पर्यंत त्याचं नाव हडसन होतं. प्लगइन एवढे की जवळपास काहीही जोडता येतं. पण तीच डोकेदुखीसुद्धा आहे. एक प्लगइन अपडेट करायला जावं तर दुसरं रुसतं. कोड कंपनीच्या नेटवर्कबाहेर जाऊच शकत नसेल आणि जेनकिन्सची देखभाल करायला हक्काचा माणूस असेल, तर जरूर घ्या. टेस्टचं टूल तुमच्या भाषेवर ठरतं: पायथनला पायटेस्ट, जावाला जेयुनिट, ब्राउझरसाठी प्लेराइट किंवा सेलेनियम. टेस्ट पंधरा मिनिटांच्या वर गेल्या की लोक वाट बघायची सोडून देतात, हा माझा अनुभव.

पॅकेजिंग आणि इन्फ्रास्ट्रक्चर. डॉकर आणि टेराफॉर्म, दोन्ही चांगली. पण इथे लायसन्स वाचायची सवय लावून घ्या. २०२१ मध्ये मोठ्या कंपन्यांसाठी डॉकर डेस्कटॉप पैसे देऊन घ्यायचं झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्मचं ओपन सोर्स लायसन्स बदललं, आणि त्यातूनच ओपनटोफू हा वेगळा फाटा निघाला. म्हणून टूल घेतानाच विचारा, उद्या हे सोडायचं झालं तर किती दिवस लागतील?

डिप्लॉय. इथे जरा थांबू या. १ ऑगस्ट २०१२, अमेरिकेतली नाइट कॅपिटल ही शेअर बाजारातली कंपनी. नवा कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता, एकावर राहिला. दुसऱ्या कुणी तपासून बघितलं नाही. त्या आठव्या सर्व्हरवरचा जुना, निकामी कोड बाजार उघडल्यावर जागा झाला आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त बुडाले. म्हणजे डिप्लॉय हातानं करायचं नाही, हे पक्कं. पण म्हणून लगेच कुबरनेटिस हवं असंही नाही. एक-दोन सर्व्हर असतील तर डॉकर कंपोज आणि एक स्क्रिप्ट भागवते. बऱ्याच सर्व्हिसेस झाल्या, लोड सारखा वर-खाली होऊ लागला, की मग कुबरनेटिस. तेही शक्यतो क्लाउडवाल्यांनी सांभाळलेलं. आणि कुठलंही टूल घ्या, पहिल्याच दिवशी पुढे जायच्या आधी मागे कसं यायचं ते करून बघा.

मॉनिटरिंग. प्रोमीथियस आणि ग्राफाना ही जोडी छानच. पण त्याच्याही आधी, साइट चालू आहे का हे बाहेरून दर मिनिटाला तपासणारं साधं काहीतरी लावा. आमच्याकडे रंगीत डॅशबोर्ड होते, तरी बिघाड कळला तो काकूंच्या फोनवरून! दुसरं, ज्या अलर्टवर उठून काही करायचं नाही, तो अलर्ट काढून टाका. रोज पन्नास आले की एक्कावन्नावा कुणी बघत नाही.

मग आमचं पुढे काय झालं? दादा प्रसादाचे मोदक घेऊन परत आला. मला वाटलं आता बोलणी बसणार. तो म्हणाला, "चूक माझी. बसवलं मी, पण शिकवलं नाही कुणाला." दोन महिन्यांत आम्ही कुबरनेटिस काढून साध्या सेटअपवर आलो. रोलबॅकच्या पायऱ्या एका पानावर मराठीत लिहून भिंतीला चिकटवल्या. महिन्यातून एकदा, आळीपाळीनं, प्रत्येकानं त्या करून बघायच्या. पुढच्या गणपतीत मी गावाला होतो. रिलीज बिघडला, आणि आमच्या सगळ्यात नवीन मुलीनं सहा मिनिटांत तो मागे घेतला. मला मेसेज आला तो सगळं झाल्यावर.

तर मंडळी, यादी दिली. पण उद्या ऑफिसला गेलात की नवीन टूल शोधायच्या आधी शेजारच्याला एवढंच विचारा, "मी आज नसलो तर रोलबॅक कोण करेल?" उत्तर आलं तर छान. नाही आलं, तर कामाला कुठून लागायचं ते कळलंच.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करू नका!