पेशीची दुरुस्ती आणि किरणांचा वेग



हंगामात नागपूरच्या कळमना यार्डात उडीद, तूर, सोयाबीनचे ढीग लागतात. अडते बोली पुकारतात, हमाल पोती उचलतात, मापारी काट्यावर नजर ठेवून असतात. या ढिगांतल्या कित्येक दाण्यांचा पूर्वज कधीतरी मुंबईत, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणांखाली ठेवलेला होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. भाभा केंद्र आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून विदर्भाला अनेक वाण दिले. १९८५ मध्ये आलेला 'टीएयू-१' हा उडदाचा वाण पुढे अनेक वर्षं महाराष्ट्रातल्या उडदाच्या बहुतेक क्षेत्रावर होता. १९९१ मध्ये 'टॅग-२४' हा भुईमूग आला, त्यानंतर 'टीएएमएस-३८' हे सोयाबीन आलं.

हे ऐकल्यावर कुणीही विचारेल, की मग आमच्या डाळीत किरणोत्सर्ग आहे का? नाही. किरणांचा मारा बियाण्यावर एकदाच होतो. त्यातलं बरंच बी मरतं. जे उगवतं, त्यातली चांगली झाडं निवडून पिढ्यानपिढ्या पेरतात, तपासतात, आणि मगच वाण शेतकऱ्याच्या हाती पडतो. कोबाल्टच्या गॅमा किरणांनी पदार्थ स्वतः किरणोत्सर्गी होत नाही. दाण्यात उरतो तो फक्त गुणसूत्रांतला बदल.

बियाण्याला किरणांची मात्रा मिळाली ती एका दमात. आज मला बोलायचं आहे ते दुसऱ्या प्रकाराबद्दल. किरणोत्सर्ग थोडा थोडा, पण महिनोन्महिने, वर्षानुवर्षं मिळत राहिला, तर सजीवाच्या शरीरात काय होतं? माझ्या मते याचं उत्तर एका शर्यतीत आहे. एका बाजूला किरणांनी होणारी मोडतोड आणि दुसऱ्या बाजूला पेशीची दुरुस्ती. कोण पुढे राहतं, यावर बहुतेक सगळं ठरतं.

आपली पेशी मुख्यत्वे पाण्याची बनलेली. गॅमा किरण तिच्यातून जाताना अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतो. पाण्याचे रेणू फुटून अतिशय क्रियाशील तुकडे तयार होतात आणि ते शेजारच्या डीएनएवर तुटून पडतात. कधी किरण थेट डीएनएलाच लागतो. डीएनए म्हणजे एकमेकींभोवती वळलेल्या दोन साखळ्या. एकच साखळी तुटली तर समोरची शाबूत असते. तिच्याकडे पाहून पेशीतली विकरं तुटका भाग बिनचूक भरून काढतात. दोन्ही साखळ्या एकाच जागी तुटल्या तर काम कठीण होतं. टोकं जुळवताना अक्षरं गळतात, कधी चुकीचं टोक चुकीच्या टोकाला जोडलं जातं. अशा चुकीतून पेशी मरते, किंवा बदललेली जिवंत राहते. पुढे कर्करोगाची सुरुवात होते ती अशा जिवंत राहिलेल्या पेशीपासून.

ही दुरुस्ती काही किरणांसाठी खास निर्माण झालेली नाही. आपल्या श्वसनातून, अन्न जाळण्यातूनही प्रत्येक पेशीच्या डीएनएवर रोज हजारो घाव होतात आणि ते रोज बुजवले जातात. म्हणून मात्रेइतकाच वेगही महत्त्वाचा. विदर्भातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आठवडाभराच्या झडीत पडलेलं पाणी जमीन पिऊन घेते आणि तेवढंच पाणी एका रात्रीत कोसळलं तर बांध फोडून माती घेऊन जातं.

वेगाचं हे महत्त्व प्रयोगानं दाखवलं विल्यम आणि लियान रसेल या जोडप्यानं. अमेरिकेतल्या ओक रिजच्या प्रयोगशाळेत त्यांनी उंदरांच्या प्रचंड वसाहती पाळल्या होत्या. किरणांनी जनुकं बदलतात हे १९२७ मध्ये हर्मन मुलर यांनी फळमाशीवर सिद्ध केलंच होतं. मात्रा कशीही द्या, सगळी मिळून होणारा परिणाम तोच, असा तेव्हा समज होता. रसेल दांपत्यानं १९५८ मध्ये दाखवून दिलं, की तेवढीच मात्रा सावकाश दिली तर नर उंदरांच्या बीजपेशींत होणारे बदल सुमारे एक तृतीयांशावर येतात. ते कमी झाले, पण शून्यावर आले नाहीत. माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा याच दोन गोष्टींत आहे.

कारण सावकाश मिळणारा किरणोत्सर्ग आपल्यापैकी कुणालाच चुकलेला नाही. जगाची सरासरी धरली तर माणसाला निसर्गाकडून वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते; मिलिसिव्हर्ट हे शरीरावरच्या परिणामाच्या हिशेबानं मात्रा मोजण्याचं एकक. या मात्रेत मोठा वाटा हवेतल्या रेडॉन वायूचा, बाकीचा जमिनीचा, आकाशातून येणाऱ्या किरणांचा आणि आपल्या अन्नाचा. आपल्या शरीरातल्या पोटॅशियमचेच दर सेकंदाला चार हजारांच्या आसपास अणू फुटत असतात. नागपूर तर दोन खडकांच्या सीमेवर वसलेलं शहर. पश्चिमेला काळा बेसाल्ट, पूर्वेला त्याहून कितीतरी प्राचीन ग्नाइस. बेसाल्टमध्ये युरेनियम आणि थोरियम कमी, ग्रॅनाइट-ग्नाइसच्या जातीच्या खडकांत साधारणपणे जास्त. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांत कोळसा जळतो, तेव्हा कोळशातली ही मूलद्रव्यं राखेत दाटून राहतात. या सगळ्याचं प्रमाण लहान आहे. जीवसृष्टी अशा वातावरणातच घडली आणि दुरुस्तीची यंत्रणा घेऊनच घडली.

प्रमाण वाढत गेलं तर काय होतं, ते अमेरिकेतल्या ब्रूकहेवनच्या जंगलात स्पष्ट दिसलं. १९६१ मध्ये जॉर्ज वुडवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओक आणि पाइनच्या रानाच्या मधोमध सीझियमचा तीव्र स्रोत उभारला. रोज सुमारे वीस तास तो उघडा असे. माणसांना आत जायचं असलं की तो जमिनीखालच्या संरक्षक आवरणात उतरवत. काही महिन्यांतच रानात वर्तुळं उमटली. अगदी मध्यभागी काहीच उरलं नाही, तग धरला तो फक्त काही शेवाळांनी आणि दगडफुलांनी. त्याबाहेर गवतासारख्या वनस्पती, मग झुडपं, मग ओक. आणि जिथे ओकला फारसा धक्का नव्हता, तिथेही पाइन वाळलेले. पाइनच्या पेशीतली गुणसूत्रं मोठी, म्हणून किरणांना सापडणारं लक्ष्यही मोठं. १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अपघातानंतर अणुभट्टीजवळचं पाइनचं रान तांबडं पडून मेलं आणि त्यातले बर्च मात्र तगले. त्याआधी पंचवीस वर्षं ब्रूकहेवनमध्ये जे दिसलं होतं, तेच इथे पुन्हा दिसलं.

एकाच सजीवातही सगळे अवयव सारखे नाजूक नसतात. लासलगावचा कांदा घ्या. तिथल्या 'कृषक' प्रकल्पात २००२ पासून कांद्यावर गॅमा किरण सोडण्याची सोय आहे. मात्रा साधारण ६० ते ९० ग्रे; ग्रे म्हणजे पदार्थानं शोषलेल्या किरणांच्या ऊर्जेचं एकक. माणसाला एकदम ४ ते ५ ग्रे मिळाले तर जीव जाऊ शकतो. कांद्याच्या पाकळ्यांना ६० ग्रेनंही काही होत नाही, कारण त्यांच्या पेशींची वाढ थांबलेली असते. तो कांदा उभा चिरला तर अगदी मध्यात, बुडाच्या चकतीवर, कोंबाचा बारीकसा शेंडा दिसतो. विभागणाऱ्या पेशी तिथे असतात, म्हणून तेवढाच भाग मरतो आणि कांद्याला कोंब फुटत नाही. आपल्या शरीरात अशा सतत विभागणाऱ्या पेशी आहेत अस्थिमज्जेत, आतड्याच्या अस्तरात आणि गर्भातल्या बाळाच्या जवळजवळ प्रत्येक अवयवात. म्हणूनच गर्भवती स्त्रीच्या बाबतीत जास्त खबरदारी घ्यावी लागते.

संत्र्याच्या बागाईतदारांना जपानची एक हकिकत जवळची वाटेल. तिथल्या गॅमा-शेतात, म्हणजे मधोमध कोबाल्टचा स्रोत असलेल्या गोल मळ्यात, १९६२ मध्ये 'निजिसेइकी' जातीच्या नाशपातीची झाडं लावली होती. या जातीवर काळ्या ठिपक्यांचा रोग हटकून येई. १९८१ मध्ये एका झाडाची एकच फांदी निरोगी आढळली. जवळपास वीस वर्षं मंद किरणांत उभ्या असलेल्या झाडाच्या एका डोळ्यातल्या पेशीत बदल झाला होता. त्या फांदीचे डोळे भरून 'गोल्ड निजिसेइकी' हा वाण तयार झाला. संत्र्याचं कलमही आपण जंबेरीच्या खुंटावर डोळा भरूनच करतो, तेव्हा एका डोळ्यात केवढं सामर्थ्य असतं हे तुम्ही जाणता. मात्र बदल नेहमी असे उपकारक नसतात. निरुपयोगी आणि घातक बदलांच्या राशीतून माणसानं हा एक वेचून काढला. माणसाच्या शरीरात अशी निवड करायला कुणी बसलेलं नसतं.

माणसांवर काय झालं, हे आपण कामगारांकडून शिकलो. गेल्या शतकाच्या सुरुवातीला न्यू जर्सीत तरुण मुली घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकता रंग भरत. टोक बारीक राहावं म्हणून कुंचला ओठांत धरत. रेडियमचे गुणधर्म कॅल्शियमसारखे, म्हणून शरीर त्याला हाडांत जागा देतं. तिथून ते वर्षानुवर्षं किरण सोडत राहिलं. जबडे झडले, हाडांचे कर्करोग झाले. त्यांनी कोर्टात दाद मागितली आणि १९२८ मध्ये तडजोड झाली. आज कामगाराला जे संरक्षण मिळतं, त्याच्या पायात त्या मुलींचं दुःख आहे.

दुसऱ्या बाजूला केरळचा किनारा. करुनागपल्लीच्या वाळूत मोनाझाइट आहे, मोनाझाइटमध्ये थोरियम. काही ठिकाणी तिथला नैसर्गिक किरणोत्सर्ग सर्वसाधारण प्रमाणाच्या अनेक पट आहे. तिथल्या जवळपास ७० हजार माणसांवर सरासरी दहा वर्षं नजर ठेवून केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. या किरणोत्सर्गामुळे कर्करोग वाढल्याचं त्यात आढळलं नाही. मग २०२३ मध्ये फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या तीन लाखांहून अधिक अणुकामगारांचा अभ्यास आला. त्यात मात्र साठत गेलेल्या मात्रेबरोबर कर्करोगानं होणारे मृत्यू वाढलेले दिसले, दर ग्रेमागे सुमारे ५२ टक्क्यांनी. या कामगारांची सरासरी मात्रा एका ग्रेच्या जवळपास पन्नासाव्या भागाएवढी होती. त्या हिशेबानं सरासरी कामगाराचा वाढीव धोका साधारण एक टक्का निघतो. एवढी लहान वाढ नजरेस पडायला लाखो माणसं लागतात. म्हणून हे दोन अभ्यास एकत्र वाचले तर निष्कर्ष सरळ आहे. सावकाश मिळालेली लहान मात्रा घबराटीचं कारण नाही आणि ती हिशेबाबाहेर ठेवण्याजोगीही नाही.

हा हिशेब ठेवणारी वस्तू नागपूरच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या एक्स-रे विभागात पाहायला मिळते. तंत्रज्ञाच्या छातीवर लावलेला टीएलडी बिल्ला. आत धातूच्या पट्टीवर पांढऱ्या रंगाच्या तीन लहान चकत्या असतात, एक धातूच्या गाळणीमागे, एक प्लास्टिकमागे, एक उघडी. पडलेल्या किरणांची ऊर्जा त्या साठवून ठेवतात आणि प्रयोगशाळेत तापवल्यावर प्रकाशाच्या रूपानं सोडतात. जितका प्रकाश, तितकी मात्रा. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा कामगारासाठी पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे, एका वर्षात कधीही ३० च्या वर नाही. सामान्य नागरिकासाठी ती १ मिलिसिव्हर्ट. पण खुंटीला टांगलेला बिल्ला माणसाची मात्रा मोजत नाही. तो अंगावर हवा, शिशाच्या एप्रनच्या आत हवा, आणि त्याचा अहवाल कामगाराच्या हातात पडायला हवा. तो मागणं हा तुमचा हक्क आहे.

रुग्णांनाही एक सांगणं. छातीच्या एका एक्स-रेची मात्रा ०.१ मिलिसिव्हर्टपेक्षा कमी असते, पोटाच्या सीटी स्कॅनची साधारण ८ ते १०. डॉक्टरांनी गरज म्हणून सांगितलेली तपासणी भीतीपोटी टाळू नका. जुने रिपोर्ट आणि फिल्म जपून ठेवा आणि सोबत न्या, म्हणजे तीच तपासणी विनाकारण पुन्हा होणार नाही.

आणि शेवटी भंगाराचा धंदा करणाऱ्या माझ्या बांधवांना. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी बाजारात तिथल्याच विद्यापीठानं लिलावात काढलेलं एक जुनं यंत्र आलं. त्यात कोबाल्ट-६० होतं. ते फोडलं गेलं, अनेकजण आजारी पडले, एकाचा जीव गेला. किरणांना रंग नाही, वास नाही. हाताला जड लागणारी शिशाची पेटी आणि तिच्यावर पिवळ्या पार्श्वभूमीवर तीन पात्यांचं चिन्ह दिसलं, तर ती फोडू नका, घरी नेऊ नका. तिच्यापासून लांब व्हा, इतरांनाही लांब ठेवा आणि पोलिसांना कळवा. पेशीला दुरुस्तीसाठी वेळ लागतो. लांब होऊन, आडोसा धरून आणि कमीत कमी वेळ थांबून तो तिला मिळवून देणं आपल्या हातात आहे.