नोकरदार मुलामुलींनो, एम.बी.ए. करा, पण आधी चार प्रश्न विचारा

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेलं भाषण. बोललो तसंच, थोडंफार सावरून इथं दिलं आहे.)



कमिटीनं आम्हाला विषय दिला, ‘शिक्षण आणि आजचा तरुण’. या विषयावर दोन तास बोलता येतं आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून आम्ही एकच गोष्ट घेतो. आपल्या वस्तीत आता पोरं-पोरी पदवीधर होऊन नोकरीला लागली आहेत. कुणी बँकेत, कुणी कुरिअर कंपनीत, कुणी हॉस्पिटलच्या ऑफिसात. दोन-चार वर्षं झाली की साहेब म्हणतो, एम.बी.ए. कर, मग पुढचं बघू. नोकरी तर सोडता येत नाही, घर तिच्यावर चालतं. मग करायचं कसं? यावर आम्ही बोलणार आहोत.

काही जण मनात हसले असतील. दहावीनंतर १९८९ साली बदली कामगार म्हणून गिरणीत लागलेला माणूस आम्हाला एम.बी.ए. काय सांगणार? खरं आहे. पण बोलायला आमच्यापाशी दोन कारणं आहेत.

पहिलं कारण गिरणीतलं. साचा कसा चालतो, सूत कुठं तुटतं, कुठल्या पाळीत माल खराब निघतो, हे आम्हाला डोळे मिटून सांगता यायचं. पण एके दिवशी सांगण्यात आलं की गिरणी तोट्यात आहे, आणि ताळेबंदाचा कागद समोर ठेवला. त्या खात्यात आम्ही शेकड्यानं माणसं होतो. तो कागद वाचू शकेल असा एकही नव्हता. तोटा कापडात झाला की व्याजात, की आणखी कशात, हा प्रश्नसुद्धा आम्हाला विचारता आला नाही. आम्ही घोषणा दिल्या. घोषणा द्यायलाच पाहिजे होत्या. पण कागदाला उत्तर कागदानं द्यावं लागतं. व्यवस्थापनाचं शिक्षण म्हणजे नुसता टाय लावणं नव्हे, तो कागद वाचता येणं आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं.

दुसरं कारण सांगायला जड जातं. आमच्या शेजारची एक लेक बी.कॉम. होऊन एका कंपनीत हिशेबाचं काम करते. ती आम्हाला विचारायला आली, “काका, स्टेशनजवळ एक क्लास आहे. एका वर्षात, घरबसल्या एम.बी.ए. देतात. भरू का पैसे?” आम्ही काही न बघता सांगितलं, “पोरी, पदवी ती पदवी. भरून टाक.” तिच्या आईनं भिशी उचलून पंचेचाळीस हजार भरले. सर्टिफिकेट आलं, आम्ही पेढे खाल्ले. पुढं बढतीच्या वेळी कंपनीनं त्या विद्यापीठाला पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं, या नावाची विद्यार्थिनी आमच्याकडे नोंदलेलीच नाही. बढती राहिली बाजूला, पोरीची चौकशी लागली. ती आम्हाला एक शब्दही बोलली नाही. तिची आई मात्र म्हणाली, “भाऊ, तुम्ही सांगितलं म्हणून भरले.” पस्तीस वर्षं आम्ही वस्तीत ‘शिका’ म्हणून सांगत हिंडलो. काय शिका, कुठं शिका, हे मात्र आम्ही स्वतः कधी शिकलो नाही. त्या दिवसापासून आम्ही माहिती गोळा करायला लागलो. त्यातून चार प्रश्न निघाले.

पहिला प्रश्न : पदवी कोणाची?

पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला असतो, क्लासला नसतो. घरबसल्या शिकायचं तर ते दूरशिक्षणानं किंवा ऑनलाइन. त्यासाठी त्या विद्यापीठाला, त्या अभ्यासक्रमासाठी, त्या वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता पाहिजे. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर तशी यादी असते. फोन तर आता सगळ्यांच्याच हातात आहे, तेवढी यादी उघडून बघा. प्रवेश थेट विद्यापीठात घ्यायचा आणि फी विद्यापीठाच्याच खात्यात भरायची. मधला माणूस ‘आमच्यामार्फत भरा’ म्हणाला की तिथून उठायचं.

अशी मान्यता असेल तर मात्र कमीपणा मानू नका. दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी ही कॉलेजात बसून घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची आहे, असं आयोगानं २०२२ साली जाहीर केलं आहे. आणि मान्यता नसेल तर काय होतं तेही ऐका. काही अभिमत विद्यापीठांनी नीट मंजुरी न घेता पत्राद्वारे इंजिनिअरिंगच्या पदव्या दिल्या होत्या. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, आणि वर्षानुवर्षं नोकरीत असलेल्या माणसांच्या पदव्या अडचणीत आल्या.

दुसरा प्रश्न : वेळ कुठला?

नोकरदारासाठी वाटा साधारण तीन. पहिली वाट संध्याकाळच्या वर्गांची. मुंबई विद्यापीठाचे तीन वर्षांचे पार्टटाइम अभ्यासक्रम आहेत. वित्त, विपणन, मनुष्यबळ असे त्यांचे वेगवेगळे विषय. १९६५ साली सुरू झालेली चर्चगेटची जमनालाल बजाज संस्था त्यासाठी नावाजलेली. शिक्षक समोर असतो, बरोबरीला नोकरी करणारीच माणसं असतात. पण आपली निम्मी वस्ती आता बदलापूर आणि विरारला गेली. रात्रीचा वर्ग सुटल्यावर घर गाठायचं म्हणजे मध्यरात्र. ते झेपेल का, हे आधी एक आठवडा गाडीनं जाऊन-येऊन बघा.

दुसरी वाट मुक्त विद्यापीठाची. दिल्लीचं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, १९८५ सालचं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ सालचं. इग्नूच्या एम.बी.ए.ला पदवीला ५० टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गाला ४५. कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त चार.

इथं आम्ही गिरणीचा हिशेब लावला. इग्नूत एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचा अभ्यास. पहिल्या सहामाहीत सात विषय, प्रत्येकी चार श्रेयांकांचे. झाले २८ श्रेयांक, म्हणजे ८४० तास. सहा महिन्यांचे आठवडे २६. भागून बघा, आठवड्याला बत्तीस तास! आठ तास नोकरी, तीन तास लोकल, त्यावर हे बत्तीस तास आणणार कुठून? म्हणून दोन वर्षांत संपवतो अशी पैज मारू नका. चार वर्षांची मुदत दिली आहे ती वापरा. मग तेच तास निम्मे होतात, सोळा. रोज दोन तास सहा दिवस, आणि रविवारी चार. हे माणसाला जमण्यासारखं आहे.

तिसरी वाट मोठ्या संस्थांची, आय.आय.एम.ची. अनुभवी माणसांसाठी त्यांचे खास अभ्यासक्रम असतात. कल्पना जुनी आहे. नोकरीतल्या अधिकाऱ्यांसाठीचं एम.बी.ए. शिकागो विद्यापीठानं १९४३ सालीच काढलं होतं. आपल्या पवईची १९६३ सालची ‘निटी’ संस्था २०२३ साली आय.आय.एम. मुंबई झाली, म्हणजे ही वाटसुद्धा दारापर्यंत आली. पण त्यातले एक वर्षाचे बरेच अभ्यासक्रम नोकरी सोडून तिथं राहून करायचे असतात, आणि फी लाखांत जाते. शिवाय याच संस्था काही महिन्यांचे प्रमाणपत्र-वर्गही चालवतात. त्यातून शिकायला मिळेल, पण ते प्रमाणपत्र म्हणजे एम.बी.ए. नव्हे. जाहिरातीत संस्थेचं नाव मोठ्या अक्षरात असतं आणि ‘प्रमाणपत्र’ हा शब्द बारीक. बारीक अक्षर आधी वाचा.

तिसरा प्रश्न : पैसे कोणाचे?

आईची भिशी, बापाची ग्रॅच्युइटी, बहिणीच्या लग्नाची शिल्लक, हे शेवटचे पैसे आहेत, पहिले नव्हेत. आधी कंपनीला विचारा. काही कंपन्या फी देतात, बदल्यात काही वर्षं नोकरी न सोडण्याचा करार करून घेतात. तो करार वाचून सही करा. दुसरं, बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन मिळाल्या, त्या सुखासुखी मिळालेल्या नाहीत. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र घरात तयार ठेवा. प्रवेशाच्या तोंडावर धावपळ करून वैधता मिळत नाही, आणि त्यापायी राखीव जागा हातची जाते. शिष्यवृत्ती आणि फी माफी नोकरदाराला, दूरशिक्षणाला, तुमच्या उत्पन्नाला लागू आहे की नाही, हे समाजकल्याण कार्यालयात जाऊन फी भरण्याआधी विचारा. भरल्यावर विचारून उपयोग नाही.

चौथा प्रश्न : पदवी मिळाल्यावर करणार काय?

हा प्रश्न सगळ्यांत अवघड, आणि तोच कुणी विचारत नाही. साहेबाला स्पष्ट विचारा, एम.बी.ए. झाल्यावर कुठली जागा आहे? उत्तर गुळमुळीत आलं तर समजा. प्रत्येक रोगाला एकच औषध नसतं. बँकेतल्या मुलांनी आधी बँकिंग इन्स्टिट्यूटच्या जे.ए.आय.आय.बी. आणि सी.ए.आय.आय.बी. या परीक्षा बघाव्यात, खर्च थोडा आणि बँकेत त्यांना किंमत आहे. हिशेबाच्या लाइनमधल्यांनी कॉस्ट अकाउंटन्सीचा विचार करावा, तीही नोकरी सांभाळून करता येते. एम.बी.ए. त्यानं करावं, ज्याला माणसं, पैसा आणि माल या तिन्हींचा मेळ घालायचं काम करायचं आहे, किंवा स्वतःचा धंदा उभा करायचा आहे. शेजारच्यानं केलं म्हणून आपण करायचं, हे कारण नव्हे.

बंधू-भगिनींनो, कमावता कमावता शिकणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. बाबासाहेबांची शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परत यावं लागलं. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातून पैसे साठवले, आणि १९२० साली पुन्हा लंडनला गेले. पुढं १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. दिवसभर राबणाऱ्या माणसाला शिकायला वेळ कुठून मिळणार, हा प्रश्न त्यांनी भाषणात सोडवला नाही, वेळापत्रकात सोडवला. आपणही तसंच केलं पाहिजे.

म्हणून आता बोलणं मुलांशी नाही, घरच्या मोठ्यांशी आहे. ते सोळा तास मुलगा किंवा मुलगी एकटी आणू शकत नाही, ते घरानं द्यायचे असतात. मुलगा अभ्यासाला बसला की आपण टीव्ही बारीक करतो. सून अभ्यासाला बसली की आपल्याला नेमका चहा आठवतो. पहाटे पाण्याला कोण उठतं? डबे कोण भरतं? जी बाई नोकरी करून, पाणी भरून, डबे करून, मग पुस्तक उघडते, तिच्या सोळा तासांतले किती उरले, याचा हिशेब घरातल्या पुरुषांनी मांडावा. आम्हीही मांडला. आमच्या घरात सकाळचं पाणी आता आम्ही भरतो. पाठ दुखते, पण सून पास झाली.

आणि दोन मागण्या कमिटीकडे. एक, विहाराचं सभागृह पहाटे पाच ते आठ अभ्यासाला उघडं ठेवावं. किल्ली आम्ही सांभाळतो, झाडलोटही करतो. दुसरी मागणी ऐकून कुणी रागावू नये. इग्नूच्या परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये असतात. त्या दिवसांत आपल्या कार्यक्रमांचे कर्णे रात्री नऊनंतर बंद ठेवावेत. ‘शिका’ हा शब्द कर्ण्यावरून इतक्या जोरात सांगायचा नाही की शिकणाऱ्याला पुस्तक मिटावं लागेल.

ती शेजारची लेक आज सभेला आलेली नाही. तिनं खऱ्या विद्यापीठात पुन्हा नाव घातलं, स्वतःच्या पगारातून. तीन पेपर राहिले आहेत. येताना तिच्या दारावरून आलो, तर ती कडी लावून वाचत बसली होती. आम्ही हाक मारली नाही.

ज्याला प्रवेश घ्यायचा आहे त्यानं जाहिरातीचा कागद घेऊन रविवारी सकाळी विहारात यावं. आपण मिळून यादी बघू, बारीक अक्षर वाचू. आम्हाला सगळं येतं असं नाही. पण न वाचता ‘भरून टाक’ असं आता आम्ही कुणालाही सांगणार नाही.