गाडी रडते तेव्हा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज मी कापसावर बोलणार नाही, ज्वारीवरही नाही. सकाळी मी मंडपाच्या दाराशी उभा होतो. तुमच्या जीपा आणि गाड्या एकेक करून आत येत होत्या, आणि त्यांतल्या दोन-तीन 'कुंईऽऽ' करीत रडत येत होत्या. चालवणाऱ्याला विचारले तर म्हणाला, "जुनी गाडी आहे साहेब, आवाज करणारच."

मी शेतकी कॉलेजात शिकलो, म्हणून उदाहरण शेतीचेच देतो. कपाशीवर लाल्या आला की आपण दुकानात जातो, दुकानदार देईल ते औषध आणतो आणि फवारतो. लाल्या बहुतेक वेळा रोग नसतोच. नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडलेले असते, वर रात्रीची थंडी. औषधाने पान हिरवे होत नाही, खिसा तेवढा रिकामा होतो. गाडीच्या आवाजाचेही असेच आहे. निदान आधी, खर्च नंतर.

हे शहाणपण मी फुकट मिळवलेले नाही. एकदा बैठकीहून परतताना आमच्या जीपने चाळीसच्या पुढे रडायला सुरुवात केली. आवाज ऐकू येऊ नये म्हणून आम्ही टेप मोठा केला! पुढे गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स उतरवला, बिल घेतले, आवाज तसाच. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने जीप फर्लांगभर चालवली, डावी-उजवीकडे वळवून पाहिली आणि म्हणाला, "पुढचे डावे चाक." चाक उतरवले तर ग्रीस जळून काळे झालेले, बेअरिंगचे रोलर तापून निळे पडलेले. आणखी काही दिवस तशीच चालवली असती तर भरल्या जीपचे चाक रस्त्यात निखळले असते. त्या मिस्त्रीने जे केले ते तुम्हीही करू शकता.

पहिली परीक्षा उभ्या गाडीची. सपाटीवर हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू ठेवा आणि रेस द्या. तोच आवाज इथे आला आणि रेसबरोबर चढला-उतरला, तर दोष चाकांत नाही. तो इंजिनाबरोबर फिरणाऱ्या भागांत आहे: बेल्ट, पुली, अल्टरनेटर, पाण्याचा पंप. हेडलाइट लावल्यावर वाढला तर अल्टरनेटरवर संशय घ्या. स्टिअरिंग फिरवल्यावर वाढला तर पॉवर स्टिअरिंगच्या पंपावर. आधी त्याच्या डबीतले तेल पाहा. तेल कमी झाले की पंप हवा ओढतो आणि कण्हतो. आता क्लच दाबा. दाबल्यावर आवाज थांबला तर गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग, दाबल्यावरच सुरू झाला तर क्लचचे बेअरिंग.

दुसरी परीक्षा रस्त्यावर. सरळ, सपाट, मोकळा रस्ता हवा आणि ऐकायला शेजारी एक माणूस हवा. आवाज येतो त्या वेगाला गाडी न्या आणि न्यूट्रल करा. इंजिन बंद करायचे नाही, किल्लीला हात लावायचा नाही. स्टिअरिंग लॉक झाले तर जीव जाईल. इंजिन मंद झाले तरी आवाज तसाच राहिला आणि गाडीच्या वेगाबरोबरच उतरत गेला, तर दोष चाकांकडे किंवा डिफरन्शियलकडे.

तो कुठे, हे असे ओळखा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा, तर संशय डिफरन्शियलच्या क्राऊन-पिनियनवर. गाडी डावीकडे वळवल्यावर आवाज वाढला तर बहुधा उजव्या चाकाचे बेअरिंग, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो. उजवीकडे वळवल्यावर वाढला तर डावे. डांबरी रस्त्यावर एक आवाज आणि सिमेंटच्या रस्त्यावर वेगळा, तर तो टायरचा. पुढचे टायर मागे टाकून पाहा. आवाजही जागा बदलेल. रिव्हर्समध्ये येणारी कुंई मात्र पुष्कळ गाड्यांत जन्माचीच असते. त्या गिअरचे दाते सरळ असतात, बाकीच्यांचे तिरपे. तिच्यावर पैसे घालवू नका.

आता दुरुस्ती. बेल्ट सैल असेल तर इंजिन बंद करून ताणा, चिरला असेल तर बदला. फार ताणलात तर अल्टरनेटरचे बेअरिंग जाईल. चालत्या बेल्टजवळ धोतर, उपरणे, पदर नेऊ नका.

डिफरन्शियलची बाजूची चावी खोला. तेल भोकाच्या खालच्या काठापर्यंत हवे. कमी असेल तर गाडीच्या पुस्तकात लिहिलेलेच गिअर ऑइल घाला आणि ते गळाले कुठून ते शोधा. काढलेल्या तेलात चमकणारे लोखंडाचे तुकडे दिसले तर चांगल्या मिस्त्रीकडेच जा. जुनी गाडी घेताना हेही तपासा, कारण जाड तेल घालून आवाज दाबणारे विक्रेते असतात.

चाकाच्या बेअरिंगसाठी बाकीच्या चाकांना दगड लावा, चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा. खडखड हलले किंवा फिरवताना खरखरले तर चालवणे थांबवा. जुन्या जीपचे बेअरिंग खोलून डिझेलने धुता येते. रोलर आणि वाटी गुळगुळीत असेल तर बेअरिंगचे ग्रीस भरून पुन्हा बसवा. डाग, चरे किंवा निळेपणा असेल तर दोन्ही बदला. नट मिस्त्रीकडूनच बसवून घ्या. फार आवळला तर नवे बेअरिंगही जळते. नव्या गाड्यांत पुष्कळदा बंद बेअरिंग येते. तिथे ग्रीसचा उपाय नाही, ते बदलावेच लागते.

आपल्या बापजाद्यांना बैलगाडी कुरकुरली की कोणत्या चाकाला वंगण हवे ते कानाने कळत असे. तो कान आपण हरवला आहे. गॅरेजात जाऊन "गाडी बघा" असे म्हणू नका. आवाज किती वेगाला येतो, न्यूट्रलमध्ये राहतो की जातो, कोणत्या वळणावर वाढतो, या तीन गोष्टी कागदावर लिहून न्या. मग कोणी उगाच गिअरबॉक्स उतरवणार नाही.

आणि सभा संपल्यावर घरी जाताना, निदान पहिला मैलभर तरी, टेप बंद ठेवा.