झोप हरवलेल्या बाईने चालायचं कुठे?

(पौड, ता. मुळशी येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, प्राथमिक शाळेत शिकवते. जवळजवळ दोन वर्षं मला धड झोप नव्हती, म्हणून आज बोलायला उभी आहे.

२०२१च्या करोना लाटेत माझे पती गेले. त्यानंतर रात्री दोनला जाग यायची, ती फजरच्या अजानपर्यंत डोळा लागायचा नाही. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी ताईत दिला. मी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणल्या. झोप यायची, पण सकाळी फळ्यापुढे उभी राहिले की डोकं बधिर. शेवटी नणंदेने मला पुण्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी नैराश्यावरचं औषध दिलं आणि खाली लिहिलं : रोज अर्धा तास भरभर चालणे.

मला रागच आला. घरात आणि शाळेत दिवसभर राबते, तेवढं पुरत नाही का? डॉक्टर म्हणाले, ‘ते थकणं आहे. हा वेळ तुमचा स्वतःचा हवा.’ भरभर चालल्याने शरीर तापतं, नंतर निवतं. त्या निवण्याने झोप यायला मदत होते. सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ लागतं आणि मनावरचा ताणही उतरतो.

हे नुसतं सांगोवांगीचं नाही. १९९७ साली अमेरिकेत साठीपुढच्या, नैराश्य असलेल्या ३२ जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा वजनांचा व्यायाम केला. दुसऱ्याला फक्त आरोग्याची माहिती दिली. व्यायाम करणाऱ्यांची झोप सुधारली, नैराश्यही कमी झालं.

पण चालायचं कुठे? रस्त्यावर डंपर आणि गाड्या, शिवाय ‘विधवा बाई सकाळी कुठे निघाली?’ ही कुजबुज. नणंद म्हणाली, ‘भाभी, मी येते बरोबर.’ मुळशीचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. ते चार महिने आम्ही शाळेच्या व्हरांड्यात फेऱ्या मारल्या.

पहिले तीन आठवडे काहीच फरक पडला नाही. दुसऱ्या महिन्यात एकदा जाग आली, घड्याळात पाच वाजले होते. मी पलंगावर बसून रडले. आजही एखादी रात्र वाईट जाते. औषध मी मनाने बंद केलं नाही. डॉक्टरांनी हळूहळू कमी केलं. तुम्हीही चालणं म्हणजे औषधाला पर्याय समजू नका.

हा मामासाहेब मोहोळांचा तालुका. इथे पोरगा तालमीत निघाला की घर त्याला दूध देतं. तालमीतला ‘वस्ताद’ हा शब्द ‘उस्ताद’वरून आलेला, म्हणजे हा वारसा आपल्या सगळ्यांचा. मग मुलीला, सुनेला, आईला सकाळचा अर्धा तास का नाही?

माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. ग्रामपंचायतीने सकाळी शाळेचं मैदान बायकांसाठी उघडावं, तिथे दिवा लावावा. आणि घरातल्या पुरुषांनी तेवढा वेळ चहाचं आधण स्वतः ठेवावं.

मन फारच खचलं, जीव नकोसा वाटला, तर एकट्याने रात्र काढू नका. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मिळते.

आम्ही उद्या सकाळी सहाला शाळेच्या फाटकाशी आहोत. ज्यांना झोप येत नाही त्यांनी यावं, ज्यांना येते त्यांनी सोबतीला यावं.