मैदानातून माइकसमोर



समता कॉलनीतील आपणा मराठी कुटुंबांपुढे आज एका पुणेकर खेळाडूविषयी दोन शब्द बोलावयाचे आहेत. त्याचे नाव केदार जाधव.

१५ जानेवारी २०१७ रोजी पुण्याजवळ गहुंजे येथे इंग्लंडने भारतापुढे ३५१ धावांचे लक्ष्य ठेवले. अवघ्या ६३ धावांत चार गडी बाद झालेले. अशा वेळी मधल्या फळीतील हा ठेंगण्या चणीचा फलंदाज विराट कोहलीच्या साथीस आला. दोघांनी २०० धावांची भागी रचली. पायांत गोळे येत असतानाही केदारने ७६ चेंडूंत १२० धावा काढल्या आणि भारत विजयी झाला. २८ सप्टेंबर २०१८ रोजी दुबईतील आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात स्नायू दुखावल्याने तो तंबूत परतला. पण गरज पडताच पुन्हा आला, आणि अखेरच्या चेंडूवरील विजयी धाव त्याच लंगड्या पावलांनी पुरी झाली. ७३ एकदिवसीय सामने, १३८९ धावा आणि २७ बळी, अशी ही कारकीर्द.

२०२० नंतर भारतीय संघाचे दार बंद झाले. २०२३ च्या आयपीएलमध्ये केदार माइकसमोर बसला आणि मायबोलीत समालोचन करू लागला. गंमत अशी, की १ मे रोजी बंगळूरच्या संघाने जायबंदी खेळाडूच्या जागी त्यालाच बोलावून घेतले! जून २०२४ मध्ये त्याने खेळातून निवृत्ती घेतली.

मराठी समालोचनाची वाट आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांनी फार पूर्वीच घालून दिली होती. तेही महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले. ज्याने चेंडू अंगावर घेतला आहे, तो केवळ काय घडले हे सांगत नाही. ते का घडले, हेही सांगतो.

हे मी आपणास का सांगतो? परवा माझ्या नातवाने विचारले, "आजोबा, षटक म्हणजे काय?" त्याला धावसंख्या तोंडपाठ, शब्द मात्र परका. आपण महोत्सवात नाट्यगीते गातो, गणपतीत आरत्या म्हणतो. ते योग्यच आहे. परंतु धावत्या क्षणाबरोबर जी भाषा धावू शकत नाही, ती मुलांच्या लेखी केवळ सणासुदीची उरते.

म्हणून एवढीच विनंती. मराठी समालोचन मिळेल तेव्हा एखादा सामना तरी घरी त्यातूनच ऐका. मुले अर्थ विचारतील. त्यांना विचारू द्या, आणि आपण सांगा.